शत्रूचें सोंग घेणारीं विमानपथकें

तालमींत नव्या पैलवानाची तयारी करावयाची तर त्याला तोलाचा जोड लागतो. अमेरिकन आरमारानें असा जोड आकाशांत उभा केला, आणि पुढें तें काम बव्हंशीं आपल्या राखीव दळाकडे सोंपविलें.

आधीं नांवांची फोड करूं. ‘व्ही’ हें अक्षर हवेहून जड अशा विमानांचें. हवेहून हलक्या वायुनौकांसाठीं ‘झेड’ असे. ‘एफ्’ म्हणजे लढाऊ, ‘ए’ म्हणजे हल्ल्याचें, आणि ‘सी’ म्हणजे संमिश्र कामांचें.

१९६८ सालीं उत्तर कोरियानें ‘प्युब्लो’ जहाज पकडलें. तेव्हां बोलावलेलीं राखीव पथकें जुन्या सामुग्रीमुळें रणांगणास उपयोगी नाहींत, असें उघड झालें. म्हणून १९७० सालीं त्यांची नव्यानें रचना झाली. इकडे व्हिएतनामांत मिग विमानांपुढें अमेरिकन वैमानिक अपेक्षेप्रमाणें टिकेनात. त्यावर उपाय म्हणून १९६९ सालीं मिरामार येथें ‘टॉपगन’ वर्ग निघाला. तेथें चपळ ‘ए-४’ विमान मिगचें सोंग घेई. सोंग घेणाऱ्यानें स्वतःचें कौशल्य बाजूस ठेवून शत्रूच्याच रीतीनें लढावयाचें असतें, आणि हें नवख्याचें काम नव्हे. शाळेंतील वादसभेंतहि विरुद्ध पक्ष मांडावयास हुषार मुलगाच निवडावा लागे! राखीव दळांत मुरलेले वैमानिक असल्यानें हें काम त्यांना साजलें. १९७३ सालीं निघालेलीं १२ व १३ क्रमांकांचीं संमिश्र पथकें १९८८ सालीं ‘व्ही एफ् सी’ झालीं, तीं याच कामासाठीं.

टोपणनांवांची कथा याहून रंजक आहे. ‘सनडाउनर्स’ म्हणजे सूर्य मावळविणारे. १९४२ सालच्या पथकाचें हें नांव, आणि रोख जपानच्या सूर्यावर. तें चालविणारें १११ क्रमांकाचें पथक १९९५ सालीं मोडलें. २००६ सालीं की वेस्ट येथें राखीव दळाच्या नव्या पथकानें तोच क्रमांक व तेंच नांव घेतलें. नांव आलें, वंश मात्र आला नाहीं. आणि शत्रूला मावळविणाऱ्यांचें नांव आतां शत्रूचा लाल तारा रंगविलेल्या विमानांना शोभूं लागलें!

खऱ्या युद्धाचा मानहि राखीवांस लाभला. २००३ सालीं त्यांच्या २०१ क्रमांकाच्या पथकानें ‘थिओडोर रूझवेल्ट’ जहाजावरून इराकच्या मोहिमेंत भाग घेतला. चारच वर्षांनीं, २००७ सालीं, तें बरखास्त झालें. हल्ल्याचें असें एकच राखीव पथक उरलें, न्यू ऑर्लिन्सचें २०४ वें. २०२२ सालीं त्याच्या नांवांतील ‘ए’ जाऊन तेथें ‘सी’ आला.