परसातली तबकडी

मंडळी, फेब्रुवारीत विज्ञान दिनाला नातवाबरोबर खोडदला जाऊन आलो. नारायणगावजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही खोडदला, बाकीच्या आसपासच्या गावांत. डॉ. गोविंद स्वरूप यांचं काम. (गुडघे कुरकुरले, पण असो.) परत आल्यापासून ग्रोट रेबर डोक्यातून जात नाही.

त्याच्या आधी कार्ल जान्स्की, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला इंजिनिअर. समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते, एवढंच त्याला शोधायचं होतं. होल्मडेलच्या माळावर मोटारीच्या चाकांवर फिरणारा अँटेना उभारून तो २०.५ मेगाहर्ट्झवर ऐकू लागला. विजांची खरखर वगळली तरी एक बारीक सूं उरायचीच, आणि रोज ४ मिनिटं आधी यायची. म्हणजे सूर्याचं नव्हे, ताऱ्यांचं घड्याळ! १९३३ साली त्याने सांगितलं, हा आवाज आकाशगंगेचा, धनु राशीच्या दिशेने. पेपरात आलं, खगोलशास्त्रज्ञांनी फारसं मनावर घेतलं नाही.

रेबरने घेतलं. शिकागोत रेडिओ कंपनीत नोकरी, हॅम रेडिओचा नाद. १९३७ साली व्हीटनला घराच्या परसात पदरच्या पैशाने ९ मीटरची तबकडी उभी केली. शेजारी काय म्हणाले असतील! पुस्तकी हिशेब असा, की तापलेल्या वस्तूचा आवाज वरच्या वारंवारतेला जोरात. म्हणून आधी ३३०० मेगाहर्ट्झ. काही नाही. मग ९०० च्या आसपास. तरी नाही. शेवटी १६० ला उतरला आणि आकाशगंगा ऐकू आली! हिशेब उलटाच निघाला. (आवाज उष्णतेचा नव्हताच, चुंबकीय क्षेत्रात प्रचंड वेगाने गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, हे पुढे कळलं.) दिवसा मोटारींच्या ठिणग्या आड येत, म्हणून रात्री जागून नोंदी, दिवसा नोकरी. १९४४ मध्ये त्याचा आकाशाचा रेडिओ नकाशा छापून आला.

इथे एक कबुली. माझ्या वर्गात एक मुलगा बाकाखाली ट्रान्झिस्टर उघडून तारा जोडत बसायचा. मी तो काढून घेतला आणि वर्ष संपेपर्यंत कपाटात ठेवला. परत देताना त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रेबर १९५४ मध्ये टास्मानियाला गेला आणि आणखी खाली, २ मेगाहर्ट्झच्या आसपास, मेंढ्यांच्या कुरणात तारा ताणून ऐकत राहिला. २००२ मध्ये वारला. त्याची रक्षा जगभरच्या रेडिओ वेधशाळांत ठेवली गेली, त्यात आपली खोडदची वेधशाळाही आहे. हे मी घरी आल्यावर वाचलं. नातवाला सांगितलं, तर म्हणतो, "आजोबा, मग आपण पाहिली का नाही?"

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा जाणं आलं.