दिनविशेष : १३ जून
१३ जून १८४८, मुंबई. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये प्रा. पॅटन यांच्या पुढाकाराने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. त्याच इन्स्टिट्यूशनमध्ये शिकून तिथेच शिक्षक झालेले दादाभाई नौरोजी सोसायटीच्या कामात आघाडीवर होते. लवकरच तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेने पुढे १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू केले.

माजी विद्यार्थी संघ म्हटले की आज वार्षिक स्नेहमेळावा, गुरुजनांचा सत्कार आणि जुना वर्गफोटो डोळ्यांपुढे येतो. त्यात गैर काहीच नाही. पण सोसायटीतली दादाभाईंसारखी माजी विद्यार्थी मंडळी केवळ निबंधवाचनावर थांबली नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. सभासद स्वतःच शिकवायला उभे राहिले, तेही विनावेतन. सुरुवातीला पारशी मुली ४४ होत्या आणि हिंदू मुली २४. लोकांचा विरोध होता, तरी शाळा टिकल्या. सोसायटीची मुलींची शाळा गिरगावात पुढेही चालू राहिली. शिकलेल्या मुलांनी न शिकलेल्यांसाठी वेळ देणे, हीच त्या सोसायटीची खरी कमाई.

आपल्या कोलाड-रोह्याच्या शाळांत शिकलेली कितीतरी मुले-मुली आज मुंबई, पनवेल, पुण्यात नोकरीला आहेत. त्यांनी आपापल्या शहरात माजी विद्यार्थी संघाच्या शाखा जरूर काढाव्यात. जूनमध्ये शाळा सुरू होतेच. गावी आलात की एक तास आपल्या जुन्या वर्गात जाऊन शिकवा.