सायकल टप्पा शर्यती : अपघात व स्वारसुरक्षा

सलग काही दिवस, रोज ठरावीक अंतराचा एक टप्पा याप्रमाणे सार्वजनिक रस्त्यांवर घेतली जाणारी आणि सर्व टप्प्यांतील वेळांची बेरीज करून विजेता ठरवणारी सायकल शर्यत म्हणजे टप्पा शर्यत होय. फ्रान्समध्ये १९०३ साली सुरू झालेली तूर द फ्रान्स, इटलीतील १९०९ पासूनची जिरो दितालिया आणि स्पेनमधील १९३५ पासूनची व्हुएल्ता या तीन मोठ्या शर्यती आज प्रत्येकी २१ टप्प्यांच्या असतात, तर लहान टप्पा शर्यती साधारणपणे चार ते आठ दिवसांत आटोपतात. यूसीआय या संक्षिप्त नावाने परिचित असलेल्या आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या वेळापत्रकातील अशी शर्यत महाराष्ट्रात जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झाली. तोपर्यंत मराठी वाचकाला सायकल शर्यत म्हटले की मुंबई-पुणे हीच आठवत असे, आणि ती एका दिवसाची.

टप्पा शर्यतीतील अपघाताचे वेगळेपण असे, की तो घडला त्या दिवशी संपत नाही. संघाला जखमी स्वाराच्या जागी दुसरा स्वार घेता येत नाही. जो एक टप्पा पूर्ण करत नाही तो शर्यतीतून बाद होतो. आणि पूर्ण केला तरी विजेत्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्क्यांहून अधिक वेळ लागल्यास घरचा रस्ता धरावा लागतो. परिणामी सोललेल्या त्वचेवर पट्ट्या बांधून, रात्री कूस बदलता न आल्यामुळे अर्धवट झोप घेऊन, स्वार दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जथ्यात उभा राहतो. त्याची सावधगिरी आणि प्रतिक्षिप्त हालचाल मंदावलेली असते व तो स्वतःइतकाच शेजाऱ्यालाही धोका ठरतो. अशा स्वाराचे कौतुक करण्याची या खेळाची जुनी परंपरा आहे. सुरक्षेचा विचार उशिरा रुजण्यास ती पुष्कळ अंशी कारणीभूत झाली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

बहुतेक अपघातांचे मूळ जथ्यात, म्हणजे पेलोटॉनमध्ये, दाटीने चालण्यात आहे. पुढच्या स्वाराच्या आडोशाने चालल्यास वाऱ्याचा अडथळा कमी होऊन सुमारे एक तृतीयांश श्रम वाचतात, म्हणून दीडशेहून अधिक स्वार एकमेकांच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून चालतात. सपाट रस्त्यावर ताशी ५० कि.मी. वेगाने जाणारी सायकल सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापते, म्हणजे दोन चाकांमधील अर्धा मीटर जागा संपायला चार शतांश सेकंदांहूनही कमी वेळ लागतो, आणि माणसाला दिसलेल्या गोष्टीवर हात हलवायला याच्या पाचपट तरी वेळ हवा असतो. मागच्याचे पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला बाजूने घासले, तर पुढचा बहुधा सावरतो आणि मागचा पडतो, कारण तोल पुढच्या चाकाने सांभाळला जातो. तो पडला की त्याच्या मागच्या रांगेला थांबायला जागाच उरत नाही. पडताना स्वार हात पुढे टेकतो किंवा खांद्यावर आदळतो, त्यामुळे खांदा व छाती यांना जोडणारे हाड, म्हणजे कॉलरबोन, मोडणे ही या खेळातील ठरलेली दुखापत झाली आहे. अंगावरचा तलम पोशाख डांबरावर घासताच फाटतो; मग उघड्या पडलेल्या त्वचेत रुतलेली बारीक खडी ब्रशने घासून काढावी लागते आणि स्वारांच्या मते पडण्यापेक्षा ते अधिक दुःसह असते.

घाटाचा उतार आणि अंतिम रेषेजवळची धाव ही अपघाताची दोन प्रमुख ठिकाणे. उतारावर वेग ताशी ८० ते १०० कि.मी.पर्यंत जातो आणि रस्त्याकडेचा कठडा, दगड वा दरी चुकीला क्षमा करत नाही. तूर द फ्रान्समध्ये स्पॅनिश स्वार फ्रान्सिस्को सेपेदा १९३५ मध्ये गालिबिए घाट उतरताना पडून पुढे मृत्यू पावला. १८ जुलै १९९५ रोजी इटलीचा फाबिओ कासार्तेल्ली पिरेनीज पर्वतातील पोर्ते दास्पे घाटात रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर डोके आपटून गेला. २०११ च्या जिरोत बेल्जियमचा वाउटर वेलांट, २०२३ च्या स्वित्झर्लंडमधील शर्यतीत आल्बुला घाट उतरताना २६ वर्षांचा गीनो मेडर आणि २०२४ च्या ऑस्ट्रियातील शर्यतीत नॉर्वेचा आंद्रे द्रेगे हे सर्व उतारांवरच प्राणास मुकले. मेडरच्या वेळी घाटमाथ्यानंतर लगेच लांब उतार आणि उतार संपताच अंतिम रेषा अशी आखणी होती. प्रेक्षकांना थरार मिळावा म्हणून केलेल्या अशा आखणीवर त्या वेळी स्वारांनीच टीका केली. अंतिम धावेतील धोक्याचे उदाहरण म्हणून ५ ऑगस्ट २०२० रोजी पोलंडमधील काटोव्हित्से येथे घडलेला प्रसंग नेहमी दिला जातो. किंचित उताराच्या रस्त्यावर ताशी ८० कि.मी.च्या आसपास वेगाने धावताना डिलन ग्रूनेवेखनने आपली रेषा सोडली व फाबिओ याकोब्सनला कठड्यांवर ढकलले. कठडे एकमेकांना घट्ट जोडलेले नसल्याने उधळले गेले आणि याकोब्सनला काही दिवस औषधांनी बेशुद्ध ठेवावे लागले. ग्रूनेवेखनवर नऊ महिन्यांची बंदी आली. उतरती अंतिम रेषा मंजूर करणाऱ्यांची नावे मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाहीत.

उरलेल्या अपघातांना वाहने, प्रेक्षक, हवामान आणि रस्त्यातील दुभाजक, गतिरोधक व चौकांतली वाहतूक बेटे कारणीभूत असतात. २०११ च्या तूरमध्ये दूरचित्रवाणीच्या मोटारीमुळे झालेल्या धडकेत स्वार योहनी होगरलांड काटेरी तारेच्या कुंपणावर फेकला गेला. २०२१ च्या तूरमध्ये आजी-आजोबांसाठी लिहिलेला फलक कॅमेऱ्यासमोर धरून उभ्या असलेल्या प्रेक्षक स्त्रीमुळे पहिल्याच टप्प्यात मोठा जथा कोसळला. उष्णतेचा बळी म्हणून इंग्लंडच्या टॉम सिम्प्सनचे नाव घेतले जाते. मात्र १९६७ साली माँ व्हाँतूवर झालेल्या त्याच्या मृत्यूत तापमानाइतकाच उत्तेजक औषधांचा वाटा होता.

शिरस्त्राणाचा, म्हणजे हेल्मेटचा, इतिहास बोलका आहे. १९९१ मध्ये महासंघाने त्याची सक्ती करताच व्यावसायिक स्वारांनी पॅरिस-नीस शर्यतीत विरोध केला आणि नियम मागे पडला. उन्हात डोके तापते, वजन वाढते आणि आपले डोके आपण सांभाळू, अशी त्यांची भूमिका होती. कासार्तेल्लीच्या मृत्यूनेही ती बदलली नाही. मार्च २००३ मध्ये त्याच पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह हेल्मेटविना पडून मृत्यू पावल्यावर मे २००३ पासून सक्ती लागू झाली, तीही सुरुवातीला शेवटच्या चढावर हेल्मेट काढून ठेवण्याची मुभा देऊन. आज विनाहेल्मेट शर्यतीची कल्पनाही करवत नाही. हेल्मेट कवटी वाचवते, मेंदूला बसणारा हिसका मात्र पुरता थोपवत नाही, ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

त्यानंतरचे नियम मुख्यतः शर्यतीच्या रचनेविषयी आहेत. २०१८ पासून मोठ्या शर्यतींत संघातील स्वारांची संख्या नऊवरून आठवर आणली गेली. एप्रिल २०२१ पासून उतारावर आसन सोडून सायकलच्या आडव्या नळीवर बसण्यास आणि हँडलवर केवळ कोपरापुढचे हात टेकून चालवण्यास बंदी आली. सपाट टप्प्याच्या शेवटच्या ३ कि.मी.त पडलेल्या स्वाराला तो ज्या गटात होता त्याच गटाची वेळ दिली जाते. ही मर्यादा आता ५ कि.मी.पर्यंत वाढवता येते, जेणेकरून एकूण वेळेच्या क्रमवारीसाठी झटणाऱ्यांनी अंतिम धावेच्या गर्दीत शिरण्याची गरज राहू नये. २०२३ मध्ये महासंघ, आयोजक, संघ व स्वार यांच्या प्रतिनिधींनी मिळून सेफआर ही सुरक्षाविषयक यंत्रणा उभारली आणि २०२५ पासून धोकादायक वर्तनाबद्दल पिवळे कार्ड देण्याची पद्धत रीतसर लागू झाली, ज्यात एकाच शर्यतीत दोन कार्डे मिळाल्यास स्वार बाद होतो. दातेरी चक्रांच्या प्रमाणावर मर्यादा घालून वेग आवरण्याचा प्रयोग ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनमधील ग्वांगशी शर्यतीत व्हायचा होता, पण एका सुट्या भागांच्या उत्पादकाने बेल्जियमच्या स्पर्धा नियामकाकडे दाद मागितल्यामुळे तो थांबला. पकड घेणारे डिस्क ब्रेक, रुंद टायर यांनी मिळवलेली सुरक्षितता स्वार अधिक वेगाने वळण घेऊन खर्चून टाकतात, हा या क्षेत्रातील सार्वत्रिक अनुभव असल्याने साहित्यापेक्षा रस्त्याची निवड अधिक मोलाची ठरते.

वैद्यकीय व्यवस्थेत दोन बाबी निर्णायक असतात. पहिली मेंदूला बसलेल्या धक्क्याची, म्हणजे कन्कशनची, परीक्षा. फुटबॉलप्रमाणे खेळ थांबवता येत नसल्याने रस्त्याच्या कडेला मिनिटभरात स्वाराला दिवस, ठिकाण व शर्यतीची स्थिती विचारून निर्णय घ्यावा लागतो, आणि लक्षणे तासांनंतरही दिसू शकतात म्हणून संध्याकाळी व दुसऱ्या सकाळी पुन्हा तपासणी अपेक्षित असते. दुसरी बाब रुग्णवाहिकांची. शर्यतीसोबतच्या रुग्णवाहिका जखमींना घेऊन गेल्या की शर्यत स्पर्धा म्हणून चालू ठेवता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये स्पेनमधील बास्क प्रांतातील शर्यतीत आघाडीचे स्वार योनास विंगेगोर, रेम्को एव्हनेपूल व प्रिमोझ रोग्लिच एकाच वळणावर पडले तेव्हा याच कारणाने मुख्य जथ्याची स्पर्धा थांबवली गेली. त्याच वर्षी झुरिकच्या जागतिक स्पर्धेत कनिष्ठ गटातील म्युरिएल फुरर ही जंगलातील उतारावर पडल्याचे बराच वेळ कुणाच्या लक्षात आले नाही व ती दगावली. त्यानंतर प्रत्येक स्वाराचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या यंत्राची मागणी जोर धरू लागली.

महाराष्ट्रात मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटाचा टप्पा चढणीचा असल्याने, आणि तो प्रथम पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब असल्याने, घाटातील वेग आपोआप आटोक्यात राहतो. धोका असतो तो सपाटीवरच्या गर्दीचा आणि वाहतुकीचा. पुणे ग्रँड टूर ही २०२६ ची शर्यत शहरातील छोटा प्रारंभिक टप्पा आणि चार मुख्य टप्पे मिळून ४३७ कि.मी.ची होती. तिच्यासाठी जिल्ह्यातील रस्ते नव्याने करण्यात आले, तरी पहिल्याच मुख्य टप्प्यात मुळशी तालुक्यातील अरुंद भागात मोठ्या संख्येने स्वार एकमेकांवर पडले व शर्यत काही काळ थांबवावी लागली. नवे गुळगुळीत डांबर वेग वाढवते, गावातून जाणाऱ्या रस्त्याची रुंदी मात्र तीच राहते.

वर्धा जिल्ह्यात या दर्जाची टप्पा शर्यत झालेली नाही. तथापि विदर्भातील मार्गाचा विचार करताना तेथील भूमी उद्‌बोधक ठरते. आर्वी, आष्टी व कारंजा तालुक्यांतील टेकड्या आणि तळेगावजवळचा छोटा घाट वगळता जिल्हा बहुतांशी सपाट आहे, म्हणजे जथा विस्कळीत करणारी चढण जवळजवळ नाही आणि स्वार अखेरपर्यंत एकगठ्ठा राहण्याची शक्यता अधिक. काळी कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरील डांबर लाटेसारखे उठते व साइडपट्टी खचून डांबराच्या कडेला चार बोटांची पायरी तयार होते. कडेला ढकलला गेलेला स्वार या पायरीवरून खाली उतरला की परत वर येताना हमखास पडतो. बुटीबोरी-वर्धा-यवतमाळ हा चौपदरी सिमेंट रस्ता या दोषापासून मुक्त आहे, पण त्यावरचे दुभाजक आणि गावोगावचे छेद हे वेगळे संकट. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर सायकलीला एरवी प्रवेशच नाही. येथे हिवाळा हा शर्यतीचा हंगाम ठरतो, नेमके त्याच दिवसांत हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील जिनिंगकडे कापसाची वाहने धावत असतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जात असल्याने तेव्हा शर्यतीचा प्रश्नच उद्भवत नाही. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, ज्याच्याशी १९६९ मध्ये ग्रामीण भागासाठी स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय संलग्न आहे, आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही वर्धा शहरालगत आहेत. वर्ध्याभोवतीच्या टप्प्याला ती जवळ पडतात, आष्टी-कारंज्याच्या टेकड्यांतील टप्प्याला तितकी नाहीत, हे आखणी करणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवे.

विदर्भात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची ओळख व्यावसायिक शर्यतींपेक्षा अतिदीर्घ अंतराच्या शर्यतींमुळे अधिक झाली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आरपार जाणारी रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली आणि २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवस्तोक ही ९,००० कि.मी.हून लांब, १५ टप्प्यांची शर्यतही पार केली. अशा शर्यतींत जथा नसतो, त्यामुळे साखळी अपघात टळतात. पण रस्ता वाहतुकीला खुला असतो आणि अपुऱ्या झोपेमुळे स्वार सायकलवरच डुलक्या घेऊ लागतो, म्हणून मागून चालणारी आधारगाडी हीच त्याची मुख्य सुरक्षा ठरते. ब्रेव्हे या नावाच्या, २०० ते ६०० कि.मी.च्या मुदतबद्ध फेऱ्यांत ही गाडीदेखील सोबत चालू दिली जात नाही. तेथे हेल्मेट आणि रात्रीसाठी पुढचा-मागचा दिवा व प्रकाश परावर्तित करणारे जाकीट आवश्यक असते. भारतात साध्या सायकलस्वारावर मोटार वाहन कायद्याने हेल्मेटची सक्ती नसल्याने, आपल्याकडील पुष्कळ स्वारांच्या डोक्यावर ते प्रथम चढते ते अशा फेऱ्यांच्या नियमामुळेच.