पांडुरंग सांगवीकराचे दुभंगलेपण

कादंबरीतील एखाद्या पात्राचे मन द्विधा असले, म्हणजे ते व्यक्तिमत्त्व अपूर्ण राहिले, असे विधान विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते. अंतर्द्वंद्व आणि पूर्णत्व यांना परस्परविरोधी मानण्याची ही सवय कितपत साधार आहे, हे यावल तालुक्यातील सांगवीशी निगडित अशा एका पात्राच्या आधारे तपासावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहू. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तीत यमुना स्वतःची कहाणी स्वतःच सांगते. पण तिचा झगडा मुख्यतः रूढीशी आहे, स्वतःशी नव्हे. पूर्वी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तेथे श्यामच्या मनातील भीती, लोभ, लज्जा यांचे आईच्या शिकवणुकीने बहुधा त्या त्या रात्रीच्या कथनातच शमन होते. द्वंद्व आहे, परंतु ते संस्काराची एक पायरी म्हणून आहे. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मधील (१९३९) चक्रधर आणि मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) यांच्यापाशी ही व्यवस्था ढासळू लागते. एकाला पूर्वीच्या प्रेमभंगामुळे प्रेमावर विश्वास ठेवता येत नाही. दुसरीत संज्ञाप्रवाहाच्या पद्धतीमुळे मनाचे तुकडे तुकड्यांच्याच रूपात वाचकासमोर येतात.

या पार्श्वभूमीवर १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. नेमाडे यांचा जन्म १९३८ मध्ये सांगवी येथे झाला. पुढे ते पुण्यास शिकले व भाषाशास्त्राचेही त्यांनी अध्ययन केले. त्यांचा नायक पांडुरंग हाही सांगवीहून पुण्यास शिकावयास जातो, वसतिगृहात राहतो, वडिलांचा पैसा खर्च करतो आणि अखेर गावी परततो. पुण्यात तो खेड्यातला असतो. परतल्यावर गावातही त्याला पूर्वीचे स्थान उरत नाही. वडिलांच्या कर्तेपणाविषयी त्याला चीड आहे, आणि त्याच कर्तेपणावर आपण पोसलो गेलो याची जाणीवही आहे. या दोन भावनांपैकी एकीचाही तो त्याग करीत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला या दुभंगलेपणाची खूण त्याच्या वाक्यरचनेतच सापडते. ‘उदाहरणार्थ’ या शब्दापूर्वी काही सामान्य विधान असावे, अशी आपली अपेक्षा असते. पांडुरंग हा शब्द जेथे असे विधानच नाही तेथे योजतो. स्वतःचे पंचवीस वर्षांचे वयदेखील तो केवळ एक उदाहरण म्हणून मांडतो. ‘वगैरे’ या शब्दाने तो वाक्य पूर्ण होऊ देत नाही. पहिल्या शब्दाने तो स्वतःला अनेकांपैकी एक ठरवितो, दुसऱ्याने स्वतःविषयीचा निष्कर्ष टाळतो. आत्मकथन करावयाचे, पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवावयाचा नाही, अशी ही रचना आहे. धाकट्या बहिणीच्या, मनूच्या मृत्यूच्या भागात मात्र उपरोधाचे हे कवच टिकत नाही. तेथे दुःख उघडे पडते, आणि एरवीचा तुटकपणा कशाचे रक्षण करीत होता हे ध्यानात येते.

पांडुरंगाला निष्क्रिय किंवा पराभूत म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. तसे केल्यास मनूचा शोक आणि वसतिगृहातील थट्टा एकाच आवाजात आली आहेत, या महत्त्वाच्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते. कार्ल युंग (१८७५–१९६१) या मानसशास्त्रज्ञाने पूर्णत्व व निर्दोषत्व यांत भेद केला होता. मनाच्या नाकारलेल्या अंगांनाही स्वतःत स्थान देणे, हा त्याच्या मते पूर्णत्वाचा मार्ग होय. या अर्थाने श्यामला आईच्या शिकवणुकीतून जी एकसंधता लाभते, ती पांडुरंगाला लाभत नाही. परंतु आपली लाज, आपले अपयश आणि आपला शोक यांपैकी काहीही तो निवेदनातून वगळीत नाही. त्याचे जीवन सावरले असे म्हणता येणार नाही. त्याचे कथन मात्र पूर्ण आहे. सांगवीसारख्या गावांतून शहराकडे शिकावयास जाणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने हे पात्र वाचताना आपल्या द्विधेपणाला दोष मानण्यापूर्वी हा भेद ध्यानात घ्यावा.