बोटाला हवी असलेली पोच

टंकलेखन यंत्राचे बटण दाबले की अक्षराचा खिळा उसळून शाईच्या फितीवर आदळे आणि त्या आघाताची जाणीव दांड्यांच्या जोडणीतून परत बोटाच्या टोकाशी येई. १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने शोल्स व ग्लिडन यांचे यंत्र बाजारात आणले, त्यानंतरच्या पिढ्यांना नजर मजकुरावर ठेवून टंकलेखन करता आले, त्यात या तत्काळ मिळणाऱ्या पोचेचा मोठा वाटा होता. संगणकाच्या बटणाला केवळ विद्युत संकेत द्यायचा असतो, आघात करण्याचे कारणच नसते. तरीही आयबीएमने १९८१ च्या आपल्या वैयक्तिक संगणकाला जो कळफलक दिला, त्यातील प्रत्येक बटणाखालची स्प्रिंग ठरावीक दाबाला एकाएकी वाकून 'टक्' असा स्पष्ट प्रतिसाद देत असे.

स्वस्त घरगुती संगणकांना ही चैन परवडणारी नव्हती. १९७९ च्या अटारी ४०० चा कळफलक सपाट पातळ पडद्याचा होता, म्हणून बटण लागल्याची खूण आतल्या ध्वनिक्षेपकातून काढलेल्या आवाजाने दिली जाई. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रमवर तर या आवाजाची लांबी स्मृतीतील २३६०९ क्रमांकाच्या घरात साठवलेली असे आणि 'पोक' ही आज्ञा देऊन तेथे मोठा आकडा घातला की तो पुसट आवाज ठळक होई. यंत्ररचनेतून गेलेली पोच प्रणालीकडून भरून घेण्याची ही सुरुवातीची उदाहरणे होत.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ॲपलने मॅकबुक प्रोच्या काही प्रारूपांवर वरची बटणांची ओळ काढून तेथे 'टच बार' ही स्पर्शाला प्रतिसाद देणारी काचेची पट्टी बसवली, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. 'एस्केप' हे बटणही त्या काचेत गेले आणि 'व्हिम'सारख्या संपादकात ते वारंवार दाबणाऱ्या प्रोग्रामरांची विशेष अडचण झाली. त्याच लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडमध्ये मात्र उत्तराची सामग्री तयार होती. २०१५ पासूनचा हा ट्रॅकपॅड दाबल्यावर खाली जात नाही. दाब मोजणारे संवेदक इशारा देतात, विद्युतचुंबक काचेला आडवा सूक्ष्म हिसका देतो आणि बोटाला तो खाली दबल्याचा भास होतो. लॅपटॉप बंद असताना तोच ट्रॅकपॅड दाबून पाहावा: हाताखाली निर्जीव काच लागते.

'हॅप्टिक', म्हणजे स्पर्शाने कळणारा प्रतिसाद, हा शब्द नावात असलेल्या 'हॅप्टिककी' या मुक्त प्रणालीने या दोन गोष्टी जोडल्या. वापरणाऱ्याने आवश्यक परवानगी दिली की टच बारवरील बटणाचा संकेत ती टिपते आणि त्याच क्षणी ट्रॅकपॅडचा विद्युतचुंबक चालवते. बोट वर काचेवर आणि हिसका कळफलकाच्या खालच्या बाजूला, एवढे अंतर असूनही तो ॲल्युमिनियमच्या सांगाड्यातून जाणवतो, आणि वेळ अचूक जुळल्यामुळे मन तो बोटाच्या नावावर जमा करते. ही युक्ती खरोखर सुंदर आहे, परंतु तिची मर्यादाही मान्य केली पाहिजे: खऱ्या बटणावर बोट आधी टेकते आणि नंतर दाबते, काचेवर टेकणे हेच दाबणे ठरते, आणि घडून गेलेल्या स्पर्शाची पोच चुकून झालेला स्पर्श टाळू शकत नाही. बटणाच्या कडा चाचपून जागा शोधण्याची सोयही हिसक्यातून मिळत नाही.

२०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोवर 'एस्केप' पुन्हा खरे बटण होऊन आले, आणि २०२१ च्या १४ व १६ इंची प्रारूपांवर संपूर्ण ओळ पूर्ण उंचीच्या बटणांची झाल्यावर तेथे बोट न दाबता टेकवून ठेवणे पुन्हा शक्य झाले.