यार्डातले अनोळखी इंजिन

(नभोवाणीवरील भाषण)

हुबळीच्या स्थानकात गाडी थांबली की बहुतेक प्रवासी चहाच्या किटलीकडे धाव घेतात. काही थोडे विक्षिप्त लोक मात्र फलाटाच्या टोकापर्यंत चालत जाऊन यार्डाकडे टक लावून उभे राहतात. मी त्या विक्षिप्तांपैकी एक आहे. रुळांच्या जाळ्यापलीकडे ओळीने उभ्या असलेल्या इंजिनांत एखादे वेगळ्या बांध्याचे, रंग विटलेले, चिमणीवर काजळी साचलेले इंजिन दिसले की मनात पहिला प्रश्न उठतो, हे कोण? माणसाची ओळख पटविण्यास नाव-गाव पुरते. इंजिनाचे तसे नाही. त्याच्या अंगावर रंगविलेले नाव पुष्कळदा त्याचे जन्मनाव नसते.

नावाची पद्धत प्रथम सांगतो. आपल्या रेल्वेत पहिले अक्षर रुळांची रुंदी सांगते. ब्रॉडगेजला डब्ल्यू, मीटरगेजला वाय, अडीच फुटी रुळांना झेड आणि ग्वाल्हेरच्या जुन्या छोट्या गाडीसारख्या दोन फुटी रुळांना एन. दुसरे अक्षर डी म्हणजे डिझेल. तिसरे काम सांगते: एम म्हणजे माल व प्रवासी दोन्ही, पी प्रवासी, जी माल, एस शंटिंग. यानंतरचा आकडा मात्र फसवा आहे. पूर्वी तो केवळ अनुक्रम होता. पुढे तो हजारांतील अश्वशक्ती दाखवू लागला. त्यामुळे एक गंमत झाली. १९७० च्या सुमारास जर्मनीच्या हेन्शेल कारखान्यातून आठ डिझेल-हायड्रॉलिक इंजिने आली. विजेच्या मोटारीऐवजी तेलाच्या प्रवाहाने शक्ती चाकांपर्यंत नेणारी ही जात डब्ल्यूडीएम-३ म्हणून नोंदली गेली आणि गुत्तीच्या शेडमध्ये राहिली. ती सेवेतून गेल्यावर तोच तीनचा आकडा ३,१०० अश्वशक्तीच्या सर्वस्वी निराळ्या इंजिनांच्या वाट्याला डब्ल्यूडीएम-३ए या रूपाने आला. जुन्या टिपणवहीत नुसते ‘तीन’ लिहिलेले आढळले, तर ते जर्मन की भारतीय, हे सालावरूनच ठरवावे लागते.

तेव्हा नावावर विसंबू नये, अंगलट पाहावी. प्रथम बोगी पाहावी. बोगी म्हणजे डबा असा अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. पण कारखान्यात बोगी म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या घडणीच्या जुन्या इंजिनांत या सांगाड्यात तीन आस असतात आणि मधला आस नेमका मध्यावर नसतो. दोन आस जवळ, तिसरा जरा दूर. मालगाडीच्या डब्ल्यूडीजी-३ए या पुढच्या भावंडात हे अंतर सारखे केलेले आढळते. रंग बदलता येतो, पाटी बदलता येते, परंतु चाकांमधील हे अंतर कोणी हौसेने बदलीत नाही.

या अल्को घराण्याचा मूळ पुरुष १९५७-५८ साली आपल्याकडे उतरला. डब्ल्यूडीएम-१ असे त्याचे नाव. एकूण १०० इंजिने आली. प्रत्येकाची शक्ती १,९५० अश्वशक्ती. ज्या आराखड्यावर ती बांधली गेली तोच आराखडा ऑस्ट्रेलियात आणि स्पेनमध्येही धावत होता. म्हणजे यार्डात उभे असलेले हे इंजिन सात समुद्रांपलीकडे नातेवाईक असलेल्या घरातले होते. त्याला चालकाची खोली एकाच टोकाला. उलट दिशेने जायचे तर त्याला फिरवून घ्यावे लागे, नाहीतर दोन इंजिने पाठीला पाठ लावून जोडावी लागत. वाफेच्या युगात फिरत्या चक्रावर इंजिन वळविण्याची सवय असलेल्या रेल्वेला हे विशेष जाचले नसेल. परंतु ज्या यंत्राची ख्याती ‘सदैव सिद्ध’ अशी होती, त्याने वळण्यासाठी रांगेत उभे राहावे, ही विसंगती होतीच.

यानंतरचा प्रसंग खरा महत्त्वाचा. १९६२ च्या सुमारास रेल्वेच्या अंगणात दोन अमेरिकन पाहुणे एकाच वेळी आले. एक अल्कोचे डब्ल्यूडीएम-२ आणि दुसरे जनरल मोटर्सचे डब्ल्यूडीएम-४. दोन्हींची शक्ती २,६०० अश्वशक्ती. दुसऱ्याची ७२ इंजिने आली, ती मुगलसरायला ठेवण्यात आली आणि चालकांच्या मनांत त्यांनी चांगले स्थान मिळविले. १९६९ साली हावडा आणि दिल्ली यांच्या दरम्यान पहिली राजधानी एक्स्प्रेस धावली, तेव्हा तिच्या पुढे हेच इंजिन होते. मग घराणे वाढले ते अल्कोचे, हे कसे? उत्तर यंत्रात नाही, करारात आहे. अल्कोने बांधणीची विद्या भारताला देण्याचे मान्य केले. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ च्या जानेवारीत पहिले इंजिन बाहेर पडले आणि पुढच्या तीन दशकांत या जातीची अडीच हजारांहून अधिक इंजिने झाली. इकडे अमेरिकेत अल्कोने १९६९ साली इंजिन बांधणे बंद केले. मूळ घराचे दार लागले, आणि वाराणसीची शाखा मात्र त्याच नकाशांत स्वतःच्या सुधारणा घालीत कितीतरी वर्षे पुढे चालली. डब्ल्यूडीएम-४ चे भाग्य असे नव्हते. ते यंत्र उत्तम होते, परंतु येथे ते निःसंतान राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते यार्डातून नाहीसे झाले आणि म्हणूनच ज्याने ते प्रत्यक्ष पाहिले तो त्याचे वर्णन जरा अभिमानाने करतो.

या दोहोंतील भेद डोळ्यांपेक्षा कान अधिक लवकर ओळखतात. अल्कोचे यंत्र चार फटक्यांचे. उभे असताना ते दमेकऱ्याप्रमाणे अडखळत धापा टाकते आणि चालकाने एकदम जोर मागितला की आधी काळ्या धुराचा लोट सोडते व मग ओढू लागते. जनरल मोटर्सचे यंत्र दोन फटक्यांचे. त्याचा स्वर चढा व अखंड, आणि त्यावर शिटीसारखी एक लकेर. माझे शेजारी एक निवृत्त ड्रायव्हर आहेत. एकदा अंगणात बसलो असता लांबून इंजिनाचा आवाज आला. “मास्तर, सांगा पाहू, कोण?” त्यांनी विचारले. मी अंदाज बांधीत असतानाच म्हणाले, “अल्को आहे, आणि त्याचा एक सिलिंडर नीट पेटत नाही.” मी निमूटपणे मान डोलावली, खरेखोटे ठरविण्याचे साधन माझ्यापाशी नव्हते.

कधी कधी मात्र अनोळखीपण जातीचे नसते, एखाद्या प्रयोगाचे असते. डब्ल्यूडीएम-२ चे आखूड नाक खाली उतरवून आणि चालकाच्या खिडक्या रुंद करून काही थोडी इंजिने वाराणसीने बांधली होती. रेल्वेप्रेमी त्यांना ‘जम्बो’ म्हणतात. हेतू इतकाच की चालकाला पुढचे नीट दिसावे. ज्याला लांब नाकाच्या पलीकडून सिग्नल शोधण्याचे काम रोज करावे लागते, त्याला या बदलाचे मोल सांगावे लागत नाही.

आता पुन्हा हुबळीकडे. आपल्या भागाच्या वाट्याला या इतिहासाचा एक मोठा अध्याय आला आहे. मुरगाव ते कॅसलरॉक ही मीटरगेजची वाट १८८८ मध्ये पोर्तुगीज अमदानीत सुरू झाली आणि ब्रागांझा घाटात ती सदतीस फुटांत एक फूट चढते. १९९० च्या दशकात ही वाट ब्रॉडगेज झाली. मीटरगेजवरची वायडीएम-४ जातीची इंजिने गेली, आणि त्या दशकाच्या अखेरीस ४,००० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीजी-४ हुबळीच्या शेडमध्ये आले. हे जनरल मोटर्सच्याच घराण्यातले. म्हणजे १९६२ च्या शर्यतीत मागे पडलेला पाहुणा चार दशकांनी आमच्या दारात परतला, आणि या वेळी बांधणीची विद्याही सोबत घेऊन आला! त्याचा प्रवासी भाऊ डब्ल्यूडीपी-४ २००१ मध्ये आला. बाहेरून दोघे जुळे वाटतात. परंतु या आरंभीच्या प्रवासी इंजिनात प्रत्येक बोगीतला आतल्या बाजूचा, म्हणजे तेलाच्या टाकीजवळचा आस केवळ भार वाहतो. त्याला मोटार नाही. सहा आसांपैकी चारच ओढतात. सपाटीवर वेगाने धावण्यास हे पुरते. घाटात पावसाने ओले झालेले रूळ लागले की सहाही आस ओढणाऱ्या भावाची आठवण होते.

आता बहुतेक सर्व ब्रॉडगेज मार्गांवर विजेच्या तारा पोचल्या आहेत. वाराणसीच्या कारखान्याने २०१८ साली दोन जुनी डब्ल्यूडीजी-३ए इंजिने घेऊन त्यांतून १०,००० अश्वशक्तीचे जोडइंजिन घडविले. आतले डिझेल यंत्र गेले, वर तारेला भिडणारा हात आला. २०२० मध्ये कारखान्याच्या नावातूनही डिझेल हा शब्द गळाला. पतियाळात पुनर्बांधणी झालेल्या जुन्या इंजिनांच्या क्रमांकापुढे आर हे अक्षर असे. त्या एका अक्षरावरून कळे की या देहाचा हा दुसरा जन्म आहे. तिसरा जन्म सर्वांच्या वाट्याला येत नाही. बरीचशी इंजिने यार्डाच्या कडेच्या रुळावर, काचा फुटलेल्या, पाट्या काढून घेतलेल्या अवस्थेत लिलावाची वाट पाहतात.

अशाच एका रांगेत मागच्या पावसाळ्यात मला एक इंजिन दिसले. क्रमांक घासला गेला होता, बाजूला डब्ल्यूडीएम-३ए असे पुसट वाचता येत होते. सोबत ते शेजारचे ड्रायव्हर होते. त्यांनी बोगीतले अंतर डोळ्यांनी मोजले, नाकाकडे पाहिले, आणि शेवटच्या आकड्यापुढचे आर बोटाने दाखविले. म्हणाले, “हे जन्माने दोन आहे, मास्तर. तीन नंतर झाले. वहीत दोन्ही लिहा.” मी लिहिले. पुन्हा गेलो तेव्हा त्या रुळावर गवत उगवले होते.