गरिबाचा वकील

नंदुरबार तालुक्यांतील रनाळे हें गांव एके काळीं खानदेश जिल्ह्यांत मोडत असे. १९०६ सालीं त्या जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हां तें पश्चिम खानदेशांत आलें. पुढें त्याच भागाला धुळे जिल्हा हें नांव मिळालें, आणि १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याचीं नांवें अशीं बदलत गेलीं. परंतु अशा गांवांतील गरीब कुळाला किंवा भिल्ल शेतकऱ्याला कोर्टाची पायरी चढण्याचा प्रसंग आला म्हणजे त्याच्यापुढें उभे राहणारे दोन प्रश्न मात्र तेच राहिले. कायदा आपल्या बाजूचा आहे काय, हा पहिला. आणि तो असल्यास न्यायाधीशापुढें मांडणार कोण, हा दुसरा. पहिल्याला सरकारनें वेळोवेळीं उत्तर दिलें. दुसऱ्याचें पुरें उत्तर मिळण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

या इतिहासाचा आरंभ खानदेशांत नव्हे, पुणें जिल्ह्यांत झाला. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा रोख धान्यापेक्षां किंवा दागिन्यांपेक्षां कागदांवर अधिक होता. कर्जरोखे मागून घ्यावयाचे व जाळावयाचे, असा त्या दंग्याचा क्रम होता, आणि त्यांत एक कटु शहाणपण होतें. कोर्टांत बोलत असे तो कागद. सावकाराजवळ कागद होता व वकीलहि होता. कुळाजवळ दोन्हींपैकीं एकहि नव्हतें. दावा लागला म्हणजे तें बहुधा हजरच होत नसे, आणि हुकूमनामा एकतर्फी होई.

सरकारनें चौकशी केली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. खानदेश त्या वेळीं बाहेर राहिला. नुसत्या रोख्यावर न विसंबतां व्यवहाराचा मुळापासून हिशेब पाहण्याचें काम या कायद्यानें न्यायाधीशावर टाकलें, आणि कर्जापायीं शेतकऱ्यास होणारी कैद बंद केली. या गोष्टी पुष्कळांना ठाऊक आहेत. त्याच कायद्यांतील ६८ वें व ६९ वें कलम मात्र फारसें कोणी आठवत नाहीं.

अडुसष्टाव्या कलमानें शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांतून वकिलांना सामान्यतः दूर ठेवलें. एकुणसत्तराव्या कलमानें उलट वाट धरली. प्रतिपक्षातर्फे वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला वकील देण्याची ऐपत नसेल, तर त्याच्या संमतीनें सरकारी वकिलास किंवा दुसऱ्या योग्य माणसास त्याच्या बाजूनें उभें राहण्यास न्यायाधीशानें सांगावें, अशी त्यांत सोय होती. महाराष्ट्रांतील मोफत कायदेशीर मदतीचें हें एक जुनें बीज होय. मात्र तें दुबळें होतें. न्यायाधीशाला वाटलें तर मदत मिळावयाची. सरकारी वकिलाखेरीज दुसरा कोणी उभा राहावयाचा तर तो राजी असला पाहिजे. मदत हा शेतकऱ्याचा हक्क नव्हता, न्यायाधीशाची मर्जी होती.

म्हणजे १८७९ सालींच दोन उपाय पुढें आले होते : गरिबाला वकील द्यावा, किंवा दोघांचेहि वकील बाहेर ठेवावे. पुढचा सारा इतिहास या दोन उपायांमधील ओढाताणीचा आहे.

पहिल्या उपायाकडे लोकांचें लक्ष आधीं शहरांत गेलें. १९२४ सालीं मुंबईंत लीगल एड सोसायटी स्थापन झाली. १९४९ सालीं मुंबई सरकारनें न्यायमूर्ति भगवती यांच्या अध्यक्षतेखालीं याच प्रश्नाच्या विचारासाठीं समिति नेमली. त्यानंतरहि खेड्यांतील माणसाला हक्काचा वकील मिळण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

दुसरा उपाय खुद्द या मुलखाच्या वाट्यास आला. सातपुड्याच्या पायथ्याशीं आदिवासींच्या जमिनी कर्जापायीं, गहाणांतून किंवा न वाचतां केलेल्या अंगठ्यापायीं दुसऱ्यांच्या हातीं गेल्या होत्या. १९७२ च्या सुमारास शहादें तालुक्यांत अंबरसिंग सुरतवंती व त्यांचे सोबती यांनीं त्या परत मिळविण्याची चळवळ उभी केली. महाराष्ट्र विधिमंडळानें १९७४ सालीं जमिनी परत देण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन कलेक्टरास अर्जावरून किंवा आपण होऊनहि परत देववितां येई. ज्याला अर्ज लिहितां येत नाहीं त्याच्या दृष्टीनें 'आपण होऊन' हे दोन शब्द फार मोलाचे होते. पुढें याच कायद्यांत ९-अ हें कलम घालून वकिलांना मनाई करण्यांत आली. शंभर वर्षांपूर्वींचें अडुसष्टावें कलमच जणूं परत आलें! सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं लिंगप्पा पोचन्ना यांच्या खटल्यांत हा कायदा व ही मनाई दोन्ही कायम केलीं.

या मनाईचा हेतु चांगला होता. तरी तिची मर्यादा उघड आहे. वकील बाहेर गेला तरी सात-बाराचा उतारा, फेरफाराची नोंद व मुदतीचा हिशेब हीं सारीं आंतच राहतात. ज्याला वाचतां येतें त्याचें बळ वकिलाबरोबर बाहेर जात नाहीं.

दरम्यान पहिला उपाय बळावत होता. १९७६ सालीं घटनेंत ३९-अ हें कलम येऊन मोफत कायदेशीर मदत हें राज्याचें कर्तव्य ठरलें. १९७८ सालीं होसकोट यांच्या महाराष्ट्रांतील खटल्यांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं निर्धन कैद्याला वकील देणें हा न्याय्य कार्यपद्धतीचाच भाग मानला. १९८७ सालीं विधि सेवा प्राधिकरण कायदा झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलांत आला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणें अनुसूचित जाति-जमातींचे लोक, स्त्रिया, मुलें व कोठडींतील माणसें यांना उत्पन्न न विचारतां वकील मिळतो. इतरांना ठराविक उत्पन्नाच्या आंत असल्यास मिळतो. एकुणसत्तराव्या कलमांतील मर्जीचा येथें हक्क झाला.

हा हक्क वापरण्यासाठीं आज रनाळ्याच्या माणसाला सावकाराच्या किंवा पुढाऱ्याच्या ओळखीची गरज नाहीं. तालुक्याच्या विधि सेवा समितीकडे अर्ज केला म्हणजे पुरे. परंतु अर्ज करावयाचा तर असा हक्क आहे हें आधीं कळलें पाहिजे, आणि नेमलेल्या वकिलानें फी घेणाऱ्या वकिलाइतक्याच आस्थेनें दप्तर वाचलें पाहिजे. सुप्याच्या शेतकऱ्यांनीं कागद जाळले, कारण तो वाचून दाखविणारा त्यांच्या बाजूचा कोणी नव्हता. तसा माणूस गांवोगांवीं मिळूं लागणें, हीच या कायद्याची खरी कसोटी होय.